आईच्या रिपोर्टवर एवढे 'आर' का? अँटिबायोटिक नेमकं करतं काय आणि जंतू त्याला चुकवतात कसे?

उद्यमनगरी | सोमवार, रात्री १०.१५

मंडळी, आईचं (वय ६८) लघवीचं कल्चर आज हातात आलं. वर्षभरात तिसऱ्यांदा जळजळ आणि थंडीताप. पहिल्या वेळी सिप्रोफ्लॉक्सॅसिननं तीन दिवसांत आराम पडला. दुसऱ्या वेळी मी तीच जुनी चिठ्ठी दाखवून एका मेडिकलमधून तीच गोळी आणली, तेव्हा जेमतेम बरं वाटलं. या वेळी काहीच फरक नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि कल्चर करायला लावलं.

रिपोर्टवर लिहिलंय: ई. कोलाय (हे जंतूचं नाव), एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह. खाली सोळा औषधांची यादी आहे आणि त्यातल्या अकरा नावांपुढे 'आर'. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंगाला गोळ्यांची सवय झाली." मला ते पटेना.

मी फौंड्रीत पॅटर्न बनवतो. वस्तू उघडून आतून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कोणती गोळी द्यायची हे डॉक्टर उद्या ठरवतील, ते इथे विचारत नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की ही औषधं जंतूच्या आत जाऊन कुठे घाव घालतात, आपल्याला का सोडतात, आणि 'आर' म्हणजे जंतूनं नक्की काय केलं?

बशीवाला | सोमवार, रात्री १०.५०

मी लॅबमध्ये आहे, दिवसभर हेच काम. लघवीतले जंतू आधी बशीत वाढवतो, मग त्यातले घेऊन दुसऱ्या बशीवर एकसारखे पसरतो. त्यावर कागदाच्या गोल टिकल्या ठेवायच्या, प्रत्येक टिकलीत एकेक औषध. रात्रभर उबेत ठेवलं की सकाळी जंतूंची दाट साय आलेली असते. औषध चालत असेल तर त्या टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं. कडं मोजून तक्त्याशी ताडायचं. पुरेसं मोठं असेल तर 'एस' (सेन्सिटिव्ह, औषध चालेल), लहान असेल किंवा जंतू टिकलीला भिडून वाढले असतील तर 'आर' (रेझिस्टंट, औषध चालणार नाही).

कळकळीची विनंती: नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. दोन गोळ्या खाऊन आलेल्यांच्या बशीत बरेचदा काहीच उगवत नाही आणि आम्हाला 'वाढ नाही' असं लिहावं लागतं. आजार मात्र तसाच असतो.

सूक्ष्मा | सोमवार, रात्री ११.३०

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. दादा, काकूंच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते घरोघरी ऐकू येतं आणि सगळा गोंधळ तिथूनच होतो.

सवय आईच्या अंगाला झालेली नाही. गोळीचं लक्ष्य जंतूच्या आत असतं आणि बदललाय तो जंतू. म्हणून ज्यानं जन्मात एकही अँटिबायोटिक घेतलेलं नाही, त्यालाही दुसऱ्याकडून असा मुरलेला जंतू लागू शकतो.

आता औषध आपल्याला का सोडतं ते बघू. जंतूत जे आहे आणि आपल्यात नाही, किंवा आपल्यात वेगळ्या घडणीचं आहे, तिथेच ते मारतं.

पहिली जागा म्हणजे भिंत. जंतूच्या आत दाब प्रचंड असतो, आणि तो फुटू नये म्हणून त्याच्याभोवती जाळीसारखं कवच असतं. जाळीचे धागे आडवे बांधायला एक एन्झाइम, म्हणजे कामकरी प्रथिन, गाठी मारत फिरतं. पेनिसिलिनचा आकार त्या धाग्याच्या टोकासारखा असतो. एन्झाइम धागा समजून त्याला धरतं आणि कायमचं अडकतं. गाठी थांबतात, जंतू मात्र वाढतच राहतो, जाळी विरते आणि तो फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून आपण सुटतो. अमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिअॅक्झोन, मेरोपेनेम ही सगळी याच घराण्यातली.

दुसरी जागा प्रथिनं बनवणारा कारखाना, रायबोसोम. जंतूचा आणि आपला वेगळ्या बांधणीचा. त्याच्या धाकट्या भागावर डॉक्सीसायक्लीन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन बसतात, थोरल्या भागावर अॅझिथ्रोमायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल.

तिसरी जागा आईच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनची. डीएनएची नक्कल होताना दोरीला पीळ पडत जातो. तो पीळ कापून, सोडवून पुन्हा जोडणारं एन्झाइम जंतूकडे असतं. सिप्रो ते कापलेल्या अवस्थेतच धरून ठेवतं आणि डीएनएचे तुकडे होतात. आईच्या जंतूत बहुतेक याच एन्झाइमच्या एक-दोन जागा बदलल्या असाव्यात. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्या नकला काढताना चुका होतातच. एखादी चूक अशी होते की सिप्रो तिथे नीट बसत नाही. गोळी चालू असताना बाकीचे मरतात आणि तो एकटा मोकळ्या रानात वाढतो.

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ७.०५

ताई, रात्री दोनदा वाचलं. माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर सांगा. पाना तोच आहे, पण नटाची कड झिजवून त्यानं माप बदललं. पाना बसतच नाही, मग जोर लावून उपयोग काय?

सूक्ष्मा | मंगळवार, सकाळी ८.४०

अगदी तसंच. एमआरएसए नावाचा जंतू हेच करतो. भिंतीच्या गाठी मारायला तो जुन्या एन्झाइमबरोबर एक नवीच जात आणतो, जिला पेनिसिलिनच्या घराण्यातलं जवळजवळ काहीच नीट चिकटत नाही. मेथिसिलिन वापरात आल्यानंतर थोड्याच काळात, १९६१ साली, इंग्लंडमध्ये तो सापडला. व्हँकोमायसिन तर एन्झाइमला न धरता धाग्याच्या टोकालाच टोपी घालतं. काही जंतूंनी धाग्याचं टोकच बदलून टाकलं.

पण माप बदलणं ही एक युक्ती झाली. दुसरी म्हणजे उपसा. २०१९ च्या पुरात शाहूपुरीत तळघरातलं पाणी मोटर लावून बाहेर काढत होते ना? टेट्रासायक्लीन आत आलं की काही जंतू तसेच पंप लावून ते बाहेर फेकतात. औषध शाबूत असतं, पण आत साठतच नाही. तिसरी युक्ती दारं कमी करण्याची. ई. कोलायसारख्यांना बाहेरून आणखी एक पडदा असतो, त्यातल्या छिद्रांतून औषध आत येतं. छिद्रं घटवली की काम झालं.

चौथी युक्ती औषधच कापून टाकण्याची, आणि आईच्या रिपोर्टवरचं ईएसबीएल तेच आहे. पेनिसिलिनच्या पोटात चार कोनांचं एक ताणलेलं कडं असतं. जंतूचं एन्झाइम ते कडं फोडतं, की औषध निकामी. साधं एन्झाइम साधं पेनिसिलिन कापतं. ईएसबीएल सेफिक्झिम, सेफ्ट्रिअॅक्झोनसुद्धा कापतं. म्हणून एका फटक्यात यादीत इतके 'आर'.

तांबडी_माती | मंगळवार, सकाळी ९.२०

आमच्या तालमीत पोरांना केसतूड, गळू कायम. एकाला झालं की आठवड्यात चौघांना. डॉक्टर सहाशेपंचवीस देतात. त्यात दोन औषधं असतात म्हणे. का?

सूक्ष्मा | मंगळवार, दुपारी १.१०

पैलवान, पाचशे अमॉक्सिसिलिन आणि सव्वाशे क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड. दुसरं स्वतः जंतूला फारसं मारत नाही. ते त्या कापणाऱ्या एन्झाइमला मिठी मारतं आणि सुटत नाही.

तांबडी_माती | मंगळवार, दुपारी १.२५

म्हणजे एकानं जोडीदाराला खाली धरून ठेवायचं आणि तोवर दुसऱ्यानं फड मारायचा! आता पोरांना समजावता येईल. टॉवेल एकमेकांचा वापरू नका हे सांगून तोंड दुखलं, आता कारणासकट सांगतो.

फार्मसीताई | मंगळवार, दुपारी ३.००

मी मेडिकल चालवते, म्हणून उद्यमनगरीदादांच्या जुन्या चिठ्ठीच्या गोष्टीवर बोलणं भाग आहे. ती गोळी त्या मेडिकलवाल्यानं द्यायला नको होती. पण काउंटरच्या अलीकडून काय दिसतं तेही सांगते. दिवसाला पाच-सहा जण येतात, "घसा धरलाय, अॅझिथ्रो पाचशेचं तीनचं पाकीट द्या." चिठ्ठी मागितली की "कोपऱ्यावरचा देतो, तुम्हालाच काय झालं?" कोरोनानंतर हे फार वाढलं. मी देत नाही. गिऱ्हाईक तुटतं.

पाकिटावरची उभी लाल रेघ बघा. ती चिठ्ठीशिवाय न घेण्याची खूण. २०१४ पासून 'एच वन' यादीतल्या औषधांसाठी डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहून वही तीन वर्षं ठेवावी लागते. वही ठेवणं सोपं आहे, ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं अवघड.

पेठेतला | मंगळवार, सायंकाळी ६.३०

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. आमच्या लहानपणी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन आणि माणूस उठून कामाला. मला स्वतःला बारा वर्षांचा असल्यापासून दर तीन आठवड्यांनी तेच इंजेक्शन मिळालं, वर्षानुवर्षं. जंतू हुशार झाले वगैरे मला पटत नाही. महाग औषध खपावं म्हणून जुनं स्वस्त औषध बाजूला काढलं, एवढंच.

गावातला_डॉक्टर | मंगळवार, रात्री ९.१५

काका, दर तीन आठवड्यांनी म्हणजे तुम्हाला सांध्यांचा ताप आला होता आणि हृदयाच्या झडपा जपायच्या होत्या, बरोबर ना? तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. घशातला जो स्ट्रेप्टोकॉकस तो ताप आणतो, त्यानं आजपर्यंत पेनिसिलिनला दाद न देण्याची कला मिळवलेली नाही. ऐंशी वर्षं होत आली, अजून तेच जुनं, स्वस्त पेनिसिलिन त्याला लागू पडतं. आम्ही आजही तेच देतो.

पण अंगावरच्या फोडातला स्टॅफिलोकॉकस तसा नाही. त्यानं पेनिसिलिनचा पहिल्या काही वर्षांतच निकाल लावला. जंतूंच्या जाती वेगळ्या, म्हणून हिशेबही वेगळा.

आणि हे नव्यानं कळलेलं नाही. १९२८ साली शास्त्रज्ञ फ्लेमिंगना बशीत बुरशीभोवती स्वच्छ कडं दिसलं, तेच पेनिसिलिन. १९४० मध्ये, सर्वसामान्यांना पेनिसिलिन मिळू लागण्याच्या कितीतरी आधी, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी ते कापणारं एन्झाइम जंतूत शोधून काढलं होतं. १९४५ च्या नोबेल भाषणात फ्लेमिंगनी गोष्टच सांगितली: एक माणूस घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन आणतो, अपुरं घेतो, जंतू मरत नाहीत पण तरबेज होतात. मग तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि ती जाते. तेव्हा हे औषध दुकानात सर्रास मिळतही नव्हतं.

पेठेतला | मंगळवार, रात्री ९.४०

झडपच होती डॉक्टर. बरोबर ओळखलंत. जातीजातीचा हिशेब वेगळा ही गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

राधानगरी_वाट | बुधवार, सकाळी ६.५०

मला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेतल्या. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली आणि मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. आशाताईंनी सांगितलं, रिफॅम्पिसिनचा रंग आहे, काळजी नको. तेव्हा एक प्रश्न पडला होता, तो आज विचारते: एका आजाराला एकदम चार औषधं का? आणि थुंकीच्या मशीनवर दोन तासांत 'रिफॅम्पिसिन चालेल' हे कसं कळलं, जंतू वाढवायला तर आठवडे लागतात ना?

सूक्ष्मा | बुधवार, सकाळी ११.००

या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. टीबीचे जंतू एकमेकांकडून प्रतिकाराची जनुकं घेत नाहीत, त्यांचा भर निव्वळ नकलेतल्या चुकांवर. रिफॅम्पिसिनला चुकवणारा जंतू साधारण दहा कोटींत एक, आयसोनियाझिडला चुकवणारा दहा लाखांत एक. फुफ्फुसातल्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, म्हणजे एकच औषध दिलं तर चुकवणारा तिथे आधीच बसलेला. पण दोन्हींना एकाच वेळी चुकवणारा शंभर लाख कोटींत एक. एवढे टीबीचे जंतू एका पेशंटमध्ये नसतातच. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं औषध एकट्यानं दिलं, तेव्हा कित्येक पेशंट आधी सुधारले आणि मग पुन्हा ढासळले. त्या ठेचेतून ही एकत्र देण्याची पद्धत आली.

आणि मशीन जंतू वाढवत नाही. रिफॅम्पिसिन डीएनएवरून आरएनए (प्रथिनं बनवण्यासाठीची कामाची प्रत) उतरवणारं एन्झाइम अडवतं. त्या एन्झाइमच्या जनुकातला एक छोटासा पट्टा बदलला की औषध बसत नाही. मशीन थेट तोच पट्टा वाचतं.

सहा महिने पूर्ण केलेत, त्याबद्दल मनापासून शाबासकी.

गोठा_भुदरगड | बुधवार, रात्री ८.२०

आमच्यात सात म्हशी हाईत. दगडी झाली की कास टणक हुती, दुधात गाठी येत्यात. डॉक्टर सडात ट्यूब सोडत्यात. त्यातबी पेनिसिलिन, सेफ, जेंटा हेच असतंय का? आणि गेल्या महिन्यातली गोष्ट. घरात चार दिवस दही लागंना. आई म्हणली विरजण खराब, बायको म्हणली भांडं. विरजण तीन घरनं आणलं. शेवटी ध्यानात आलं, ट्यूब सोडलेल्या म्हशीचं दूध घरात वापरत हुतो.

सूक्ष्मा | बुधवार, रात्री ९.००

भाऊ, तुमच्या घरातच प्रयोग झाला! दही लावणारेही जंतूच. ट्यूबमधलं औषध दुधात उतरलं आणि त्यानं विरजण मारलं. हो, औषधं त्याच घराण्यांतली असतात. म्हणून ट्यूबवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध ना संकलनाला, ना घरात, ना रेडकाला. थोड्या थोड्या औषधाचं दूध पिऊन रेडकाच्या पोटातले जंतू तरबेज होतात.

इथे सर्वांत काळजीची गोष्ट सांगते. ई. कोलायसारखे जंतू प्रतिकाराची जनुकं एका छोट्या गोल डीएनएवर बाळगतात, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जंतू शेजारी आले की एक नळी जोडली जाते आणि त्या प्लाझ्मिडची नक्कल दुसऱ्याला मिळते. नातं लागत नाही, जातही वेगळी चालते. एकाच प्लाझ्मिडवर पाच-सहा औषधांचे तोडगे असू शकतात. ईएसबीएल असाच पसरला.

कोलिस्टिनचं तेच झालं. मेरोपेनेमही चालेनासं झालं की आयसीयूत उरणारं हे जुनं औषध, जंतूचा बाहेरचा पडदाच फाडणारं. ते कोंबड्या-डुकरांना वाढीसाठी खाद्यातून दिलं जात होतं. २०१५ मध्ये चीनमध्ये त्याला चुकवणारं जनुक प्लाझ्मिडवर सापडलं. २०१९ मध्ये भारत सरकारनं खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना कोलिस्टिन द्यायला बंदी घातली.

मिरजकर | बुधवार, रात्री ९.३५

मग रविवारचा पांढरा रस्सा बंद करायचा का?

सूक्ष्मा | बुधवार, रात्री ९.४५

खुशाल करा. खळखळून उकळलेल्या रश्श्यात जंतू उरत नाहीत. कच्चं चिकन कापलेल्या पाटावर, त्याच सुरीनं काकडी-कांदा मात्र चिरू नका.

गोठा_भुदरगड | बुधवार, रात्री १०.१०

आणि टोमॅटोवर, मिरचीवर करप्यासाठी दुकानदार पुडी देतो, स्ट्रेप्टोसायक्लीन. नावात स्ट्रेप्टो हाय. तेच काय?

सूक्ष्मा | बुधवार, रात्री १०.३०

तेच. नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन, दहा टक्के टेट्रासायक्लीन. बुरशीच्या करप्यावर ते काडीचंही चालत नाही, कारण बुरशीचा रायबोसोम जंतूसारखा नसतो. आधी रोग जिवाणूचा आहे का हे कृषी सहायकांना विचारा. नाहीतर पैसे पाण्यात आणि मातीतले जंतू शहाणे.

मातीचा विषय निघाला म्हणून: स्ट्रेप्टोमायसिन मुळात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूकडून आपण घेतलं, १९४३ साली. वळवाच्या पहिल्या सरीला जो वास येतो, तो मुख्यतः याच मंडळींचा. मातीत जंतूंची एकमेकांशी ही लढाई कोट्यवधी वर्षं चालू आहे. शस्त्रंही तिथलीच आणि ढालीही तिथल्याच. आपण एकाच वेळी सगळीकडे शस्त्र चालवून ढालवाल्यांना निवडून काढतोय.

तांबडी_माती | बुधवार, रात्री १०.४५

तो वास तर आमच्या हौद्याचा. उद्या माती उकरताना आठवण येणार.

मिरजकर | गुरुवार, सकाळी १०.००

डॉक्टर, एक मुद्दा राहिला. "कोर्स पूर्ण करा, नाहीतर जंतू तरबेज होतात" हे आयुष्यभर ऐकलं. मध्यंतरी वाचलं की तेही आता खरं मानत नाहीत. मग बरं वाटलं की सोडायचं का?

गावातला_डॉक्टर | गुरुवार, दुपारी २.३०

वादाचा विषय आहे, पण लपवण्यासारखा नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं की सरसकट 'कोर्स पूर्ण करा' या सल्ल्याला पुरावा कमी आहे. त्यांचं म्हणणं असं की जितके जास्त दिवस औषध, तितके दिवस आतड्यातल्या आणि कातडीवरच्या निरुपद्रवी जंतूंवर दाब. त्यातूनच ढालवाले वाढतात आणि पुढच्या आजारात तेच अंगावर येतात. बऱ्याच आजारांत पूर्वीच्या दहा दिवसांऐवजी पाच दिवस पुरतात, हेही दिसून आलंय.

पण याचा अर्थ स्वतःच्या मनानं सोडा असा नाही. टीबीत मध्येच सोडलं तर घात होतो, राधानगरीताईंना विचारा. सांध्यांच्या तापात पेठेतल्या काकांना वर्षानुवर्षं इंजेक्शन लागलं. तेव्हा लिहिलेत तेवढे दिवस घ्या, आणि आधीच सोडावंसं वाटलं तर फोन करून विचारा. माझ्यापुरतं सांगतो, मी हल्ली दिवस कमी लिहितो आणि साध्या सर्दीला तर लिहीतच नाही. "सलाईन तरी लावा" म्हणणाऱ्यांशी दहा मिनिटं बोलावं लागतं. बोलतो.

उद्यमनगरी | सोमवार, रात्री ९.००

उशिरा येतोय, पण सगळं वाचत होतो. डॉक्टरांनी आधी पाठीत दुखणं, उलट्या आहेत का ते पाहिलं, मूत्रपिंडाची तपासणी केली. संसर्ग खालीच, मूत्राशयात आहे म्हणाले आणि नायट्रोफ्युरँटॉइन दिलं, पाच दिवस, जेवणानंतर. काल संपलं. जळजळ तिसऱ्या दिवशीच गेली, ताप नाही. इतक्या जुन्या औषधापुढे 'एस' कसं काय, असं त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताईंना विचारा."

सूक्ष्मा | सोमवार, रात्री ९.५०

फार बरं वाटलं! हे औषध रक्तात फार चढत नाही, लघवीत साठतं. तिथे जंतूची स्वतःचीच एन्झाइमं त्याला उघडतात आणि त्यातून निघालेले तुकडे डीएनए, रायबोसोम, एन्झाइमं अशा अनेक ठिकाणी एकदम घाव घालतात. एका नटाचं माप बदलून भागत नाही, सगळे नट एकदम बदलावे लागतील. म्हणून ते अजून टिकलंय. मूत्रपिंड थकलेलं असेल तर लघवीत पुरेसं उतरत नाही, आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असेल तर हे पुरत नाही. म्हणून डॉक्टरांनी ते आधी पाहिलं.

उद्यमनगरी | सोमवार, रात्री १०.०५

सगळे नट एकदम. हे डोक्यात बसलं. काकूंनाही सांगितलं, सवय जंतूला झालीय, आईला नाही. त्यांनी लगेच विचारलं, "मग माझ्या डब्यात उरलेल्या गोळ्यांचं काय करू?" दोन सिप्रो, चार कुठल्यातरी बिननावाच्या. फार्मसीताई?

फार्मसीताई | सोमवार, रात्री १०.२०

दादा, काकूंना सांगा, त्या दुसऱ्या कुणाला देऊ नका आणि बेसिनमध्येही टाकू नका. आमच्याकडे आणून द्या, टाकाऊ औषधांबरोबर पाठवते.

गोठा_भुदरगड | सोमवार, रात्री १०.४०

आमच्यात आजपासनं ट्यूब सोडलेल्या म्हशीच्या पायाला लाल चिंधी बांधलीय, आणि दारावर खडूनं तारीख. आई म्हणली, चिंधी सुटंपर्यंत विरजणाला हात लावू नका.